मेन कोणी पाडला

चार दिवसांसाठी घराबाहेर जायचं असलं की लोक देवाला नमस्कार करून निघतात. आमच्याकडे तोही होई, पण शेवटचा मान मेन स्विचचा. आई आदल्या दिवशी फ्रिज रिकामा करी, उरलेलं दूध-दही शेजारी पोचवी आणि फ्रिजचं दार मिटू नये म्हणून त्यात फडक्याची घडी अडकवून ठेवी. नळ आणि गॅस बघायचं काम माझं. मग आम्ही दोघी सामान घेऊन फाटकाबाहेर उभ्या राहायचो, बाबा एकटे आत जाऊन मेन पाडायचे आणि दाराला कुलूप घालून बाहेर यायचे. यात कधी बदल झालेला मला आठवत नाही.

बाबा रेल्वेच्या इलेक्ट्रिक खात्यात होते. वर्ध्याकडून नोकरीसाठी रायपूरला आले तेव्हा हे मध्य प्रदेशातलं एक शहर होतं. ते रिटायर होईस्तोवर नव्या राज्याची राजधानी झालं. शहर पसरलं तशी आमचीही क्वार्टर सुटली आणि एका नव्या कॉलनीत, चारी बाजूंनी बांधकामं चाललेली असताना, आमचं घर उभं राहिलं. चौबे कॉलनीत प्लॉट घ्यायचं बाबांचं स्वप्न होतं, ते परवडलं नाही. पण नव्या कॉलनीत त्यांना एक वेगळीच किंमत मिळाली. कोणाचा पंखा घरघरला, कोणाची मोटर अडली, की लोक यायचे, "बाबूजी, जरा देख लीजिए ना." बाबा टेस्टर खिशाला लावून निघायचे. बाकी कुठल्या विषयात आपण हुशार आहोत असं त्यांनी कधी म्हटलं नाही. विजेचं मात्र आपल्याला कळतं, यावर त्यांचं अख्खं म्हातारपण टेकलेलं होतं.

घरात याचा एकच नियम होता. बोर्डाला कोणी हात लावायचा नाही. साधा बल्ब गेला तरी तो बाबाच बदलणार, मग दोन दिवस अंधारात काढावे लागले तरी चालेल. मी शाळेत विज्ञान शिकवायची, पोरांना सर्किट काढायला लावायची, आणि घरी बल्बसाठी बापाची वाट बघत बसायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

छतावर सोलर बसवायचं बाबांच्या मनात आलं ते काही निसर्गप्रेमातून नाही. सबंध आयुष्य वीज तारेतून आलेली पाहिली, आता ती आपल्या छतावर तयार होताना पाहायची, एवढीच हौस. पॅनल लागले आणि बाबांची चालच बदलली. "आता वीज आपण बनवून राहिलो," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्या 'आपण'मध्ये आई आणि मी धरलेल्या नव्हतो.

बसवायला आलेला मिस्त्री अभनपूरकडचा होता, चाळिशीचा, शांत. त्याने बाबांना समजावलं की लाइनची वीज गेली की हेही आपोआप बंद पडेल, भर उन्हातसुद्धा. कारण खांबावर कोणी दुरुस्ती करत असेल आणि आपल्या छतावरची वीज उलटी तारेत गेली, तर तो माणूस मरेल. बाबा परीक्षकासारखी मान हलवत होते. नोकरीत त्यांनी एक माणूस खांबावरून पडलेला पाहिला होता, त्यामुळे ही गोष्ट त्यांना फार पटली. संध्याकाळी त्यांनी ती कुंपणापलीकडच्या गुरुजींना जशीच्या तशी सांगितली, जणू स्वतःच शोधून काढली होती. गुरुजी छत्तीसगढी, शाळेतून रिटायर झालेले. बाबांचं ठीक चाललं तर आपणही बसवू, असं त्यांनी ठरवलं होतं.

इन्व्हर्टर व्हरांड्याच्या भिंतीवर होता. आजवर एकूण किती युनिट वीज बनली तो आकडा त्याच्या पडद्यावर दिसे. ऊन उतरलं की बाबा चष्मा लावून तो वाचत आणि आज किती भर पडली ते गुरुजींना कुंपणावरून ओरडून सांगत. आपल्याला लागून उरलेली वीज लाइनीत जाते, म्हणजे आपण साऱ्या पाऱ्याला, साऱ्या मोहल्ल्याला, वीज देऊन राहिलो, असा त्यांचा हिशेब होता.

वैशाखात वर्ध्याला माझ्या चुलतभावाचं लग्न निघालं. आम्ही वीस दिवस गेलो. परत आलो ते भर दुपारी. मेन वर झाला, पंखे फिरले, आणि बाबा तोंडसुद्धा न धुता इन्व्हर्टरपुढे जाऊन उभे राहिले. निघतानाचा आकडा त्यांना पाठ होता. पडद्यावर तोच होता. वीस दिवसांच्या त्या रणरणत्या उन्हात आमच्या छतावर एक युनिटही बनलं नव्हतं.

"फसवलं लेकाच्यांनी!" बाबा म्हणाले. पाच-सात मिनिटांनी पडद्यावरचा आकडा सरकायला लागला, तर ते आणखीच भडकले. "पाह्य, मालक घरी आला तवा चालू झालं. कामचोर माल आहे." त्यांनी मिस्त्रीला फोन केला, गुरुजींना साक्षीदार म्हणून बोलावून ठेवलं, आणि गुरुजींनी आणखी दोघांना आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात चांगली पंचायत भरली. आई सगळ्यांसाठी चहा घेऊन आली.

मिस्त्रीने इन्व्हर्टर पाहिला, छतावर जाऊन आला, बोर्ड उघडून पाहिला. मग हात पुसत त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "बाबूजी, बाहर गए थे क्या? मेन गिराके गए थे?"

मला त्या क्षणी कळलं आणि बाबांनाही कळलेलं मी पाहिलं. लाइन गेली की हे बंद पडतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण लाइन जाणं म्हणजे सरकारची वीज जाणं. आपण आपल्या हाताने, रीतीने, काळजीपूर्वक मेन पाडतो, त्यालाही वीज जाणंच म्हणतात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. इन्व्हर्टरला काय, दोन्ही सारखंच. बाबांचा चेहरा उतरला. तिघे शेजारी त्यांच्याकडे बघत होते.

"मैंने गिराया था भैया," आई म्हणाली. ट्रे तिच्या हातातच होता. "जाते जाते. आदत है ना."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "इसको समझता नहीं. कितनी बार बोला, बोर्ड को हाथ मत लगाना."

मिस्त्री हसला. "हव, हो जथे दाई," होतं असं कधी माई, असा त्याने आईला धीर दिला. गुरुजींनीही आपल्या बायकोचा तसलाच एक किस्सा सांगितला, सगळे हसले, आईही हसली, आणि कप उचलून आत गेली.

मला बाबांचा इतका संताप आला की मी उन्हाळ्याची सुट्टी असतानाही शाळेत निघून गेले. तो राग अजून पुरता गेलेला नाही, हे इथे सांगून टाकते.

संध्याकाळी परत आले तेव्हा बाबा बोर्डापाशी स्टूल टाकून उभे होते आणि आईला हाका मारत होते. "अवं, इकडे ये. आज तुले सगळं दाखवून देतो." क्षमा मागायची त्यांची तऱ्हा ही असणार, असं मी समजले. आई पदराला हात पुसत आली.

"हा मेन," बाबांनी सुरुवात केली.

"हव. हा मेन, हा पंपाचा, हा फ्रिजचा, हा पुढच्या खोलीचा. थो शेवटचा सोलरचा," आई म्हणाली.

बाबा थांबले. "तुले कसं मालूम?"

"क्वार्टरमदी तुमची रातपाळी राहे, तवा फ्यूज उडे का नाही? तार कोन बांधे मंग? ही पोट्टी अभ्यासाले बसलेली राहे. अंधारात ठिवू का तिले?"

मी दारात उभी होते. त्या क्वार्टरमध्ये माझं मॅट्रिक झालं. वीज जायची आणि थोड्या वेळाने यायची, आणि मी पुस्तकातून मान वर न करता पुढे वाचायची. ती कोणी आणली असेल, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. राग फक्त बाबांचाच यावा, असं मग राहिलं नाही.

"सांगितलं काहून नाही?" बाबांनी विचारलं.

"तुमाले वाईट वाटलं असतं."

बाबा स्टुलावर बसले. हातातला टेस्टर खिशाला लावला. मग वर न बघताच त्यांनी विचारलं, "करंट तं नाही ना लागला कधी?"

"लागला ना," आई म्हणाली. "दोनदा."