वजन उतरवणारे काका

आर. के. पुरममध्ये आमची जुनी गाडी बंद पडली, तेव्हा मुलीचा फिजिक्सचा पेपर तासाभरावर आला होता. मॉर्निंग वॉकला निघालेले एक जाडजूड काका आपणहून धक्का द्यायला थांबले. लाल ट्रॅकसूट, गळ्यात टॉवेल. नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. प्रत्येक धक्क्याआधी ते तळहात चोळत आणि गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालत.

मी स्टिअरिंगवर होते. गाडी जेमतेम सरकली.

"वज़न बहुत है," म्हणत काकांनी डिकीतलं तांदळाचं पोतं उतरवलं, मग मुलीला उतरवलं.

"आई, काका बरोबर बोलतायत," मुलगी म्हणाली. "फोर्स तेवढाच ठेवून मास कमी केलं, तर ॲक्सेलरेशन वाढतं."

काका खूश झाले. माझ्याकडे वळून अदबीने म्हणाले, "मैडम, वज़न तो आप भी हैं."

पेपरच्या काळजीत मला तेही पटलं. मी उतरले आणि तिघांनी मिळून जोर लावला. गाडी खरंच झपकन सुटली. ती चालू करायला, निदान वळवायला आत कोणीतरी लागतं, हे कोणालाच सुचलं नव्हतं. ती सरळ मेंदीच्या कुंपणात घुसली.

काका धापा टाकत कौतुकाने बघत राहिले. "देखा, बेटी? फ़ॉर्मूला एकदम सही है."

मग रस्त्यात आडवं उभं राहून त्यांनी ऑटो थांबवली. मुलगी खिदळतच आत बसली. परीक्षेला ती कधी हसत गेल्याचं मला आठवत नव्हतं, त्यामुळे काकांवर रागवायचं राहूनच गेलं.