आबांचं विमान आणि अंगणातले दगड

पहिल्या भेटीत आबांनी मला पालथं पडायला लावलं. मी इंजिनीयरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच, त्यामुळे मोठ्या माणसाकडे जाताना काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून मी इस्त्रीचा ड्रेस घालून, गुणपत्रिकांची फाईल छातीशी धरून पिंपळीहून सांगवीला आबांकडे प्रकल्पाचं विचारायला गेले. आबांनी फाईल ओट्यावर ठेवायला सांगितली आणि बांधाकडे बोट केलं. "तितं पड. पालथी. आन मान वळवून वर बघ."

बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर आमच्या डोक्यावर घिरट्या घालतात. त्यातलं एक आलं आणि गेलं.

"काय दिसलं?"

"विमान."

"शाब्बास. आन त्याला तू दिसलीस का?"

"ते मला कसं कळणार, आबा?"

"मग उठू नको. कळंल तवा ऊठ."

संध्याकाळी आईनं ड्रेसवरचा चिखल पाहिला. "शेतात लोळायलाच इंजिनीयरिंग लागतंय व्हय?" ती म्हणाली. "ते तर आमी फुकटात करतोय."

आबा दक्षिणेतल्या एका सरकारी विमान-आरेखन कार्यालयातून निवृत्त होऊन गावी आले होते. ऊस बघायचे आणि आमच्या कॉलेजात आठवड्यातून एकदा शिकवायचे. त्यांचा विषय एकच. लढाईत जमिनीवर अडकलेल्या जवानांच्या मदतीला जवळून, खालून उडत येणारं विमान. "बाकीची विमानं आभाळासाठी असत्यात," ते सांगत. "ह्याचं गिऱ्हाईक खाली चिखलात पालथं पडलंय. गिऱ्हाइकाच्या जागी पडून बघितल्याबिगर दुकान काढायचं न्हाय." दक्षिणेत इतकी वर्षं इंग्रजीत बैठका करून त्यांनी आपली बोली कशी जपली, याचं आम्हाला नवल वाटे. बैठकीत आपल्याला कुणी बोलूच दिलं नाही, त्यामुळे भाषा झिजली नाही, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

असं विमान त्यांनी सगळ्या नोकरीभर कागदावर काढलं. ते उडालं नाही. यात आबांची चूक एवढीच की ते प्रत्येक बैठकीला हजर राहिले. एका साहेबांना ते आवाजापेक्षा वेगवान हवं होतं. दुसऱ्यांना ते रडारवर दिसायला नको होतं. तिसऱ्यांना त्यातून गरज पडल्यास पाहुणेही न्यायचे होते. चौथे साहेब कधीच काही मागत नसत, म्हणून आबा त्यांना देवमाणूस समजत. त्या साहेबांनी शेवटच्या बैठकीत तोंड उघडलं आणि असलं विमान लागतंच कशाला, असं विचारलं. चहा होऊन बैठक संपली. आबांना निवृत्तीला शाल मिळाली.

त्या विमानाचं लाकडी रूप आबांच्या कपाटावर धूळ खात असे. जाड सरळ पंख, पुढे भलीमोठी काच, इंजिनं पाठीवर शेपटीजवळ. खरं सांगायचं तर ते रेड्यासारखं दिसे. मी एकदा तसं बोलून गेले, तर आबा खूश झाले. "रेडाच हाय त्यो. गोळी खाऊनबी सांजच्याला गोठ्यात परत आला पायजे. देखणी विमानं परेडला ठेवा की."

मी आणि निरवांगीचा सोमनाथ, आम्ही दोघांनी याच विमानाचं दुरून उडवायचं लहान रूप शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला घेतलं. दुसरा कुणी मार्गदर्शक आम्हाला घ्यायला तयार नव्हता, हेही एक कारण होतं. आबांची शिकवायची रीत अशी: अंगणात तुळशीशेजारी त्यांनी दगडांचा ढीग रचून ठेवला होता. विमानात काहीही नवं घालायचं ज्यानं सुचवलं, त्यानं तेवढ्या वजनाचा दगड उचलायचा आणि संध्याकाळपर्यंत अंगाखांद्यावर वागवायचा. मग जागच्या जागी आणून ठेवायचा. सोमनाथनं आणखी एक कॅमेरा सुचवला आणि दप्तरात धोंडा घालून तो दिवसभर वर्गात बसला. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आबा, एक कॅमेरा बास झाला." आबा म्हणाले, "बघ, तुला एका दिवसात कळलं. आमच्या साहेबांना दगड द्यायची सोय नव्हती."

मी वेगवान इंजिन सुचवलं होतं. तेव्हा दगडाआधी बोलणी खावी लागली. "वेगानं जाऊन करणार काय, बाई? खालचा माणूस फाट्यावर एसटीला हात करावा तसा हात करतोय, आन तू भुर्रकन पुढं. डायवरला दिसलाच न्हाय म्हणायचं. विमानाला हळू जाता आलं पायजे, वळून परत येता आलं पायजे, आन तिथंच घुटमळता आलं पायजे." पिंपळीच्या फाट्यावर माझ्या डोळ्यांदेखत न थांबता गेलेल्या सगळ्या एसट्या मला एकदम आठवल्या. इतकं पटणारं व्याख्यान मी पुढे कुठल्याही मोठ्या संस्थेत ऐकलं नाही.

त्यांचं दुसरं वाक्य आम्हाला पाठ होतं: "वरच्याला सांगताना त्याला दिसतंय तसं सांगायचं. आपल्याला ठावं हाय तसं न्हाय." लढाईत आपली माणसं आपल्याच विमानाखाली मरतात ती इथे चुकल्यामुळे, असं ते म्हणत. हे सांगताना ते चेष्टा करत नसत.

गाव अर्थातच कौतुकानं विचारी. "आबा, तुमचं इमान कवा उडायचं?"

"तुमची टोळी येईल तवा," आबांचं उत्तर ठरलेलं.

आमच्या भागात याचा अर्थ सांगावा लागत नाही. कारखान्याची ऊसतोडीची टोळी यायची म्हणून माणसं महिनोन्‌महिने वाट बघतात. ऊस वाळतो, तुरा येतो, टोळी शेजारच्या गावात असल्याची पक्की बातमी येते आणि टोळी तिथेच राहते.

मग एक दिवस बातमी आली. आबांच्या जुन्या कार्यालयात असल्या विमानाचा विचार पुन्हा सुरू झाला होता आणि तिथली समिती आमचं लहान विमान बघायला सांगवीला येणार होती. पसंत पडलं तर आबांची चित्रं तिकडे जाणार होती. आबांनी दाढी केली. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "पोरी, ह्यांनी ह्याच्यापायी हयात घालवली. एकदा उडताना बघू दे गं त्यांना."

प्रयोग सोपा होता. आबांच्या उसाच्या कडेला आम्ही बुजगावणी उभी केली, ते शत्रू. मध्ये मोकळं रान. पलीकडच्या बांधाला मी आणि आबा पालथे पडणार. आम्ही आपले जवान. आमच्या मागे आबांच्या भावकीचा उसाचा तुकडा होता, पण तो इतका मरतुकडा की आबा त्याला ऊस मानत नसत. सोमनाथ मांडवात पाहुण्यांशेजारी बसून पडद्यावर बघत विमान उडवणार, आबा त्याला फोनवरून जागा सांगणार आणि विमान शत्रूवर गुलालाची पुडी टाकणार.

समिती सकाळी यायची होती. पहाटे मात्र टोळी आली.

टोळी दारात आल्यावर तिला उद्या या म्हणणारा माणूस अजून बारामती तालुक्यात जन्माला यायचा आहे. आबांनीही म्हटलं नाही. त्यांचा हिशोब बरोबर होता: टोळी लांबच्या टोकानं सुरुवात करील, पाहुणे सकाळी येऊन जातील, बुजगावण्यांपर्यंत कोयता पोचायला दिवस मावळेल. फक्त पाहुणे हे पाहुणे असतात, हे ते विसरले. समितीला वाटेत एका ठिकाणी सत्कार निघाला, मग दुसऱ्या ठिकाणी जेवण. ती पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि इतक्या महिन्यांची उधारी फेडावी तशी टोळी झपाट्यानं तोडत होती.

आम्ही मात्र गाडीचा आवाज ऐकताच धावत जाऊन बांधाला पालथे पडलो होतो आणि पाहुण्यांचं चहापाणी आटोपेपर्यंत तसेच पडून होतो. पालथ्या माणसाला पुढचा बांध दिसतो आणि समोरचं ढेकूळ दिसतं. विमान उडालं. तो आवाज आला तेव्हा आबांनी डोळे मिटून घेतले. गालाला माती लागली होती. एवढ्या आनंदी चेहऱ्याचा जवान कुठल्याही सैन्यात नसेल.

फोन वाजला. मांडवातून सोमनाथ होता. "आबा, उसाच्या कडेलाच ना?"

"व्हय रं, उसाच्या कडेला."

"नक्की ना, आबा? मोकळ्या रानातबी कोनतरी दिसतंय."

"ते आमी! मोकळ्या रानात आमी, उसाच्या कडेला शत्रू. किती येळा सांगायचं? टाक!"

सोमनाथनं टाकली. इतका अचूक नेम मी पुढे कधी पाहिला नाही. पुडी आबांच्या पाठीवर फुटली.

गुलाल बसल्यावर मी मान वर काढली. समोर ऊस नव्हताच. तोडलेल्या रानात, पाचटाच्या मधोमध, बुजगावणी निवांत उभी होती. सगळ्या शिवारात उभा राहिलेला ऊस म्हणजे भावकीचा तो तुकडा, आणि त्याच्या कडेला आम्ही दोघं.

टोळीतल्या बायकांनी कोयते खाली ठेवून हसून घेतलं. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "आबा, अभिनंदन! कुठल्या गटातनं निवडून आलासा?" समितीच्या अध्यक्षांनी नेमाचं कौतुक केलं, कल्पना आश्वासक असल्याचं सांगितलं आणि दुसऱ्यांदा जेवून ते गेले. पुढे त्यांच्याकडून काही आलं नाही.

त्या संध्याकाळी सोमनाथ रडवेला झाला होता. आबा अंगणात गुलालासकट बसून होते. "तू कशाला रडतोस? तू इचारलंस की दोनदा. मीच मला ठावं असलेला ऊस सांगितला. तुला दिसत होता त्यो न्हाय." मग अगदी हळू: "बरं झालं गुलालच हुता."

अक्कांनी आंघोळीचं पाणी काढलं. आबा उठेनात. "राहू दे जरा," म्हणाले. "एवढ्या वर्सांत पहिल्यांदा अंगावर काहीतरी पडलं, शाल सोडून."

आज मी अशाच एका कार्यालयात, अशाच एका विमानावर काम करते. आबांचं नाव तिथे कुणाला माहीत नाही. वैमानिकाला वर जे दिसतं तेच चित्र खाली पालथ्या पडलेल्या जवानाच्या हातातल्या पडद्यावर दिसावं, एवढंच माझं काम आहे. म्हणजे टाक म्हणायच्या आधी खालच्याला कळेल की टोळी येऊन गेली आहे. हे मी बैठकीत अर्थातच वेगळ्या शब्दांत सांगते. बैठकीत एका साहेबांना वेग वाढवून हवा असतो, दुसऱ्यांना काच लहान, आणि चौथे साहेब अजून गप्प आहेत. मी त्यांच्यावर लक्ष ठेवून असते.

हे काम मिळाल्यावर मी आबांना सांगायला गेले. ते खाटेवर होते, आता उताणे. सगळं ऐकून घेतलं. कौतुक करतील म्हणून मी थांबले.

"वजन किती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मग उचल की. सांगायला काय लागतंय?"

मी अंगणात जाऊन ढिगातला दगड निवडला आणि त्यांना दाखवला. त्यांनी तो हातात तोलून पाहिला, मान हलवली. "संध्याकाळचं न्हाय हे काम. उडल्यावर आणून ठेव."

पुण्याच्या विमानतळावर तपासणीच्या बाईंनी तो दगड पिशवीतून काढून मला विचारलं की हे काय आहे. विमानाचा भाग आहे असं खरं सांगितल्यामुळे मला बराच वेळ बाजूला उभं राहावं लागलं.

आबा त्याच थंडीत गेले. दगड माझ्या टेबलावर आहे. सांगवीला गेले की मी तुळशीशेजारी बसते. अक्कांनी ढीग तसाच ठेवलाय. माझ्या दगडाची खाच त्या झाडताना बुजू देत नाहीत. मागच्या खेपेला चहा देताना त्यांनी विचारलंच, "काय गं, दगड कवा आणतीस?"

"टोळी येईल तेव्हा, अक्का," मी म्हणाले.

त्या हसल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "येती गं. उशिरा येती, पर येती."