पेन्सिलीने भरलेला अर्ज

आमचे करसल्लागार कुठलाही अर्ज आधी पेन्सिलीने भरत, एक रात्र तसाच ठेवत आणि दुसऱ्या दिवशी त्यावर शाई फिरवत. माझे धाकटे दीर त्यांना ‘पेन्सिलशेठ’ म्हणत, तेही तोंडावर.

यजमान गेल्यावर त्यांचा पुस्तकबांधणीचा कारखाना दीर आणि मी भागीदारीत चालवत होतो. कागदाला घड्या घालायला दोघी बायका होत्या, यजमानांच्या वेळेपासूनच्या. त्या वर्षी सरकारने कंपन्यांचा कर बराच उतरवला. भागीदारीचा मात्र होता तेवढाच ठेवला. समोरच्या खोक्यांच्या कारखान्याची कंपनी होती, त्यांचं फावलं.

“वहिनी, आपणही कंपनी करू या,” दीर म्हणाले. “नाहीतर एवढा कर भरता भरता दोघींपैकी एकीला घरी बसवावं लागेल.”

पेन्सिलशेठनी आकडे मांडले आणि मान डोलावली. दीरांना दम निघेना. “आजच शाई फिरवा हो, अंडं उबवताय का?” म्हणून ते मागेच लागले. शेवटी पेन्सिलशेठनी शाई फिरवली. मी दोघींना सांगूनही टाकलं, आता घोर मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पेन्सिलशेठ दारात. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

“अर्ज दिलात?”

“निघतोच आहे,” दीर म्हणाले.

“थांबा. वहिनी, पुस्तकं शिवायचं नवं यंत्र कधी सुरू केलं? तुमच्या डायरीत असेलच.”

होतं. आदल्या वर्षीचा चौदा मार्च. म्हणजे यंत्रावरची करसवलत अजून चार वर्षं मिळणार होती, आणि ती धरली तर भागीदारीतच आम्हाला कर कमी बसत होता. कंपनीचा नवा दर हवा असेल तर अशा सवलतींवर पाणी सोडायचं, आणि एकदा तो घेतला की माघार नाही.

“समोरच्यांची यंत्रं जुनी, त्यांना सोडायला काही नव्हतंच. काल त्यांचं काम करून आलो आणि त्याच डोक्याने तुमचं केलं. चुकलो मी.”

दीरांनी पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाले, “आता फी अर्धीच देणार.”

“चहा पाजा, पूर्ण फिटली.”

पेन्सिलशेठ स्वतःहून बोलले नसते तर आम्हाला कधी कळलंही नसतं. दोष कायद्यावर गेला असता आणि एकीची नोकरीही गेली असती. त्या सकाळी डायरीत मी एवढंच लिहिलं: घड्या घालायला दोघीही आल्या.

चार वर्षांनी सवलत संपली, तेव्हा तेच नवा अर्ज घेऊन आले. “आता कंपनी करायला हरकत नाही.”

दीरांनी पेन्सिलीची अक्षरं पाहिली आणि अर्ज टेबलावर ठेवला. “राहू दे आजची रात्र.”