डावा पीळ

वाखवाल्या काकू एसटीत चढल्या की त्यांच्या शेजारची सीट आपोआप रिकामी होई. केकताडाची पानं ओढ्याच्या डबक्यात दिवसचे दिवस कुजत घातल्याशिवाय आतला पांढरा वाख, दोराचा धागा, सुटत नाही, आणि तो वास आंघोळीने जात नाही. काकू रिकाम्या सीटवर गाठोडं ठेवत आणि मोठ्याने म्हणत, "बरं झालं, मालाला जागा झाली." मागच्या बाकावर नाकाला उपरणं लावून बसलेल्या शेतकऱ्याच्या बैलाचा कासरा बहुधा काकूंच्याच घरचा असे.

औरंगाबादेत गुलमंडीच्या आतल्या गल्लीत माझं दुकान होतं. झाडू, सुपं, शिंकी, दोर असा सगळा माल मी ठेवत असे. काकू पिशोरच्या पलीकडच्या वस्तीवरून दर पंधरवड्याला येत. नवरा लवकर गेला होता. दीर किसन आणि जाऊ यांच्याबरोबर त्या दोर वळत. एकाने वाख पुरवायचा, एकाने फिरकी फिरवायची, तिसऱ्याने पेड वेगळे धरायचे. "दोर एकट्यानं होत नाय, ताई. भांडन झालं तरी फिरकीपाशी यावंच लागतं," असं त्या सांगत. त्यांच्या घरात भांडणं टिकत नसत, ती त्यामुळेच.

त्या घराचा एक नियम होता. बैलाचा, बाजेचा, विहिरीचा दोर उजव्या पिळाचा. गावात कुणी गेलं तर तिरडीसाठी उलटा, डाव्या पिळाचा. तो विकायचा नाही, नुसता द्यायचा, आणि उरलेला तुकडा घरी आणायचा नाही. काकू सहज बोलून जात, "उजवा जित्याचा, डावा मेल्याचा."

मग नायलॉन आलं. पिशोरच्या बाजारात निळ्या दोराची भेंडोळी टांगली गेली आणि वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं पाठ फिरवून गेली. काकूंना त्या दोराचा मनापासून राग. "गाठ धरत नाय त्यो दोर कसला? त्यो साप." पण रागाने चूल पेटत नाही हे त्यांना कळत होतं. त्यांनी वाखाच्या खांद्याला अडकवायच्या झोळ्या विणायला घेतल्या. मी त्या फर्दापूरला कलीमभाईंकडे पाठवल्या. लेणी बघायला येणाऱ्यांना ते तिथे किरकोळ वस्तू विकत. पुढच्या खेपेला कलीमभाई स्वतःच दुकानात आले. काकू तिथेच होत्या. "अम्मा, माल फर्स्ट क्लास है, मगर तुम्हारी झोली नाचती है. गिऱ्हाइक लेणी देखेगा या झोली पकडेगा?"

खरंच होतं ते. भरलेली झोळी बंदाचा पीळ उलगडत गरगर फिरे. काकू ती झोळी घेऊन घरी गेल्या. पुढच्या वेळी आणलेली झोळी त्यांनी खुंटीला अडकवली, आत वजनाचा दगड टाकला आणि हात सोडला. झोळी हलली नाही. बंदात दोन दोऱ्या शेजारी शेजारी शिवल्या होत्या, एक उजव्या पिळाची, एक डाव्या. "एक इकडं वढतो, एक तिकडं. दोघं येकमेकाला फिरू देत नायत." आयुष्यात इतकं खूश झालेलं मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

घरी मात्र आग लागली. "वहिनी, मेल्याचा दोर जित्या माणसाच्या खांद्यावर देता?" किसन म्हणाला. त्याच पावसाळ्यात त्याचं तान्हं पोर तापाने गेलं. मग कुणी काही बोलायची गरजच उरली नाही. दीर-जावेने फिरकी उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली. काकूंसाठी पेड धरायला कुणी येईना. त्यांनी बाभळीला टोक बांधलं आणि एकट्याच इकडून तिकडे पळत बंदापुरत्या तोकड्या दोऱ्या वळू लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "बाभळीलाच दीर म्हनते आता. ती टोमना तरी मारत नाय."

झोळ्या चालल्या. कलीमभाईंची मागणी वाढत गेली, आणि नायलॉनने रिकामे बसवलेले किसनचे हात हळूहळू डाव्या पिळाकडे वळले. माफी वगैरे काही नाही. पुढे तो माझ्याच दुकानात गिऱ्हाइकाला सांगत होता, "आमच्या आज्यापासूनची हाय ही पद्धत." काकू चार हातांवर गाठोडं बांधत होत्या. तो गेल्यावर मी चिडून विचारलं, "तुम्ही बोलला का नाही?"

"बोलले आस्ते तर हट्टानं फिरकी सोडली आस्ती त्यानं. आता फिरतीया तरी." मग गाठ आवळत म्हणाल्या, "माझं येकच मागनं हाय, ताई. त्याला बी सांगितलंय. मला डाव्या पिळाचा दोर बांधा. आख्ख्या गावाला दिला, मला नायलॉन नको."

काकू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पहिल्या एसटीने गेले. अंगणात तिरडी बांधून झाली होती. निळ्या नायलॉनने. ओसरीवर आढ्यापासून तयार झोळ्या लटकत होत्या, प्रत्येकीच्या बंदात डावा पीळ. मी किसनला बाजूला घेतलं. म्हटलं, "दोन झोळ्यांचे बंद सोडले तरी होईल."

"गाडी उद्या येतीया, ताई. माल ठरलेला हाय." तो मान खाली घालून म्हणाला. मग लटकत्या झोळ्यांकडे बघत, "आन् डावा पीळ आता मेल्याचा कुठं राहिलाय?"

मी तिरडीमागे ओढ्यापर्यंत गेले. वाटेत गाठ दोनदा सुटली. पहिल्यांदा वळणावर, दुसऱ्यांदा वाखाच्या डबक्यापाशी. दोन्ही वेळा तिरडी खाली ठेवावी लागली. किसन गुडघ्यांवर बसला आणि त्याने ती गाठ दातांनी आवळली.