मिटलेले डोळे उघडण्याचं काम

आता माझी नातसून कॉम्प्युटरवर जुने फोटो साफ करते. डाग गेला, चीर गेली, चहा गरम असतानाच काम संपतं. महाल भागातल्या आमच्या स्टुडिओत हेच काम मी ब्रश, काळा-पांढरा रंग आणि ब्लेडचं टोक घेऊन करायची. नवरा फोटो काढी आणि टचिंग माझ्याकडे असे. शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पण हात स्थिर होता.

त्या काळी खेड्यातल्या पुष्कळ बायांचा पहिला फोटो त्या मेल्यावरच निघे. बाईला भिंतीशी बसवत आणि मागून कोणीतरी डोकं धरून ठेवी. सवाष्ण असली तर कपाळभर मळवट असे, तो फोटोत काळा धब्बा होऊन येई. मी मागचे हात पुसायची, मळवट कुंकवाएवढा करायची आणि शेवटी डोळे उघडायची. मिटल्या डोळ्यांचा फोटो कोणी घरात टांगत नसे. सगळ्या बायांना मी एकसारखेच डोळे द्यायची, मोठे आणि सरळ बघणारे. तक्रार कधी आली नाही.

नरखेडकडचा एक संत्र्याच्या बागेचा मालक बायकोचा असाच फोटो घेऊन आला. ती जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. ट्रंकेत राहून फोटोला ओल लागली होती. मी डाग काढले, डोळे उघडले. न्यायला तो आईला घेऊन आला. फोटो पाहून म्हणाला, "डोये चांगले हायेत, बाई. पण तिचे नाहीत."

तिचा उजवा डोळा कानाकडे वळलेला होता म्हणे. हे आधी काहून नाही सांगितलं, असं मी विचारलं, तर परक्या बाईसमोर बायकोचं व्यंग काय सांगायचं म्हणून गप्प बसलो, म्हणाला. त्याच्या आईला तर हे डोळे फारच आवडले होते.

"काहून अडून राहिला गा? मेल्यावर तरी सुधरली म्हण."

त्यानं आईकडे पाहिलंही नाही. मला सांगितलं की त्याच्या पोरीचा डोळाही तसाच आहे. तिची आई गेली तेव्हा ती रांगत होती, तिला काही आठवत नाही. आता शाळेत पोरं चकणी म्हणतात, आणि घरी आजीही म्हणते. हा डोळा आपल्याला कुठून आला, ते तिला दिसलं पाहिजे.

डोळा नेमका किती वळलेला, ते त्याला सांगता येईना. बोटानं हवेत दाखवायचा, दर वेळी वेगळं. मी म्हटलं, पोरीलाच घेऊन या.

पुढच्या आठवड्यात तो एस.टी.नं तिला घेऊन आला. स्टुलावर बसली, पण मान वर करेना. मला लाडीगोडी जमत नाही. मी म्हटलं, "वर पाहा वं. तुझा डोळा पाहिल्याशिवाय तुझ्या आईचा डोळा मले काढता येत नाही."

तिनं पाहिलं. मग हलली नाही. मी ब्लेडनं जुनं बुबुळ खरवडलं आणि तिच्याकडे बघत बघत नवं भरलं. एवढा वेळ मी कोणाच्याच डोळ्याकडे पाहिलं नसेल. रंग वाळल्यावर फोटो तिच्या मांडीवर ठेवला.

बराच वेळ पाहून तिनं बापाला विचारलं, "आईलेही चकणी म्हणत होते?"

"म्हणत होते. मीच म्हणत होतो."

"मंग आई काय करे?"

"हासे. अन् लाटणं घेऊन माह्या मांगं धावे."

पोरगी माझ्याकडे वळली. म्हणाली, मग हिला हसणारी काढून द्या.

मी नाही म्हटलं. तिच्या आईचे दात मी पाहिले नव्हते. उगाच कोणाचे तरी दात बसवले असते तर पुन्हा ती दुसरीच बाई झाली असती. "हासण्याचं बापाले विचार," मी सांगितलं.

त्यानं फोटो धोतराच्या कापडात बांधला. पायऱ्या उतरायच्या आतच पोरीनं विचारायला सुरुवात केली होती. आई हसताना आवाज करत होती का, तोंडावर पदर घेत होती का, लाटणं कधी लागलं होतं का. तो एकेकाचं उत्तर देत होता.