अकोल्याच्या जिन्यावरची फिल्म

हे लिहावं की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आमच्या घरात देवघर नाही. भिंतीवर बुद्धांची तसबीर आहे, तिच्यापुढे वंदना म्हणतो, बस्स. नवस, अंगात येणं, भूतबाधा हे आमच्याकडे कोणी मानत नाही. मी तर नाहीच. तुमच्या अंकातल्या या सदरातले गूढ अनुभव मी हॉस्टेलवर मैत्रिणींना मोठ्यानं वाचून दाखवायची आणि आम्ही हसायचो. आता माझाच लिहायला बसले आहे...

मी अमरावतीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. गाव अकोटजवळ. बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात हमाली करतात. माय तिथेच कवडी वेचायला जायची. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. तो चांगल्या कापसातून वेगळा काढायचा. दोन वर्षांपूर्वी मायला विसर पडू लागला. आधी भाजीतलं मीठ, मग शेजारणींची नावं, मग मी. पुढे बोलणंही थांबलं. हात मात्र थांबले नाहीत. अंगणात कापसाचं टोपलं ठेवलं की ती दिवसभर कवडी वेचत बसायची. संध्याकाळी बाबा दोन्ही ढीग पुन्हा एकत्र करून ठेवायचे... दुसऱ्या दिवसासाठी.

विहारात लहानपणापासून ऐकत आले होते की मन आधी, बाकी सगळं त्याच्या मागून. कॉलेजात नेमकं उलटं शिकले. मेंदू आहे म्हणून मन आहे, मेंदू झिजला की मनही गेलं. मला ते लगेच पटलं. डोळ्यांसमोर माय होती ना.

गेल्या हिवाळ्यात मी आणि बाबा तिचा एमआरआयचा रिपोर्ट आणायला अकोल्याला गेलो. माय घरीच होती, आत्याजवळ. डॉक्टर म्हणाले, मेंदू बराच आक्रसलाय, ओळख परत येईल असं वाटत नाही. बाहेर येऊन आम्ही जिन्यावर बसलो. बाबांनी खिडकीच्या उजेडात फिल्म धरली आणि कितीतरी वेळ पाहत राहिले. त्यांनी ती उलटी धरली होती. इंग्रजी अक्षरं डोक्यावर उभी होती. बाबा चौथी शिकलेले. मी काही बोलले नाही. लाज वाटली, पण त्यांची की माझी, ते अजून सांगता येत नाही.

मग त्यांनी हळूच विचारलं, आत्या तरी किती दिवस थांबेल, एखादं वर्ष कॉलेज सोडशील काय?

मी म्हणाले, “बाबा, माय नाही आता घरी. नुसतं शरीर हाय. त्याच्यासाठी मी शिक्षण काहून सोडू?”

त्यांनी फिल्म पाकिटात घातली. एसटीत अकोटपर्यंत ते पाकीट मांडीवर सरळ धरून बसले.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, रविवारी, सकाळचे अकरा वाजले असतील. बाबा बाजारात गेले होते, आत्या नळावर. मी मायजवळ अंगणात जर्नल लिहीत होते. लख्ख ऊन होतं. कापसाची खसफस थांबली म्हणून मी वर पाहिलं. मायचे हात मांडीवर होते. ती माझ्याकडे पाहत होती... म्हणजे मलाच.

“तुया बाबानं फोटो उलटा धरला होता,” ती म्हणाली. “तू त्याईले सांगतलं नाई.”

आवाज तिचा जुनाच. जिनिंगमधून आल्यावर चहा मागायची, तसा. मी कसंबसं विचारलं, “कोणता फोटो, माय?”

“अकोल्याले, जिन्यावर. तू म्हने, माय नाई आता घरी.” ती जरा थांबली. “घरी नोतीच मी. तुमच्यापाशी होती, वरच्या पायरीवर.”

खोटं कशाला लिहू, मला रडू आलं नाही. भीती वाटली. माझ्याच मायची. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, “कॉलेज सोडू नको. अन् कापूस रोज तोच रायते, मले माईत हाय. बाबाले नको सांगू.”

मग हात टोपल्यात गेले. मी माय, माय करत राहिले. तिनं दाराकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. सगळं मिळून पाच मिनिटंही नसतील.

बाबांनी बोलता बोलता तिला सांगितलं असेल, हा माझा पहिला विचार. त्यांना विचारलं. ते म्हणाले, “असं बोलनं मायले सांगते का कोनी?” आणि फिल्मचं तर ते सांगूच शकत नव्हते. ती उलटी होती हे त्यांना आजही माहीत नाही, आणि मी ते कोणाजवळच बोलले नव्हते. कॉलेजातल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, असे रुग्ण कधी कधी थोडा वेळ भानावर येतात. फिल्मचं सांगितल्यावर मात्र त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, तुझ्याच मनानं नंतर जोडलं असेल. असेलही... मी नाही म्हणू शकत नाही. रूममेट म्हणते, हा देवाचाच खेळ. मी देव मानत नाही, अजूनही नाही. पण मायचा मेंदू त्या पाकिटात दाखवला तसा असेल, तर त्या पायरीवर कोण बसलं होतं, हे मला कोणत्याच पुस्तकात सापडत नाही.

आत्या आता कायमची आमच्याकडे राहते. माझं कॉलेज सुरू आहे. माय त्यानंतर एकदाही बोललेली नाही. दर शनिवारी घरी गेले की मी तिच्याजवळ बसून माफी मागते. पोचते की नाही, कळत नाही.

हॉस्टेलच्या गच्चीवर मैत्रिणी घरच्यांबद्दल बोलतात, चिडतात, नावं ठेवतात. माझी पाळी आली की मी आधी आजूबाजूला पाहते, आणि मायबद्दल जपूनच बोलते. शेजारी कोणी बसलेलं नसलं, तरी.