आत्याचं रडणं खुलं कोणी केलं?

मंडळी, आज डोकं फिरून राहिलं माझं.

दिघोरीची माझी आत्या भाताच्या रोवणीची गाणी गाते. मागे काही संशोधक ती रेकॉर्ड करायला आले होते. गाता गाता आत्याला मेलेली लेक आठवली आणि ती सूर धरून रडली. "हे कोनाले आयकवू नोका," असं तिनं तेव्हाच बजावलं होतं.

आज आत्याच्या शेजारणीच्या मोबाईलवर आमच्यासमोरच तेच रडणं वाजलं. कोणीतरी त्याला डीजे लावून विनोदी रील केली आहे.

मी संशोधकांना फोन केला. "आमचा ऑनलाइन संग्रह सगळ्यांसाठी खुला आहे," एवढंच म्हणाले.

आत्या म्हणाली, "माह्या पोरीसाठी रडली मी. लोक कायले हासून राहिले?"

रील आली तर पुढे पाठवू नका. आणि सांगा, आईचं रडणं जगाला वाटून टाकायचा हक्क या संशोधकांना कोणी दिला?